१/२४ च्या मॉडेलला आपल्या गाडीचा रंग: पावसाळा, थिनर आणि गॅरेजमधला डबा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमधल्या इंदिरानगरच्या एका वाचकाने १/२४ मापाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याच्या, हॅचबॅकच्या प्लास्टिक किटला स्वतःच्या गाडीचाच चंदेरी मेटॅलिक रंग द्यायचं ठरवलं. ॲक्सेसरीजच्या दुकानातून गाडीसाठीचा स्प्रे कॅन आणला आणि जुलैतल्या एका पावसाळी संध्याकाळी, प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर) न लावता, थेट प्लास्टिकवर मारला. बॉनेट दुधाळ झालं, छतावर केसासारख्या रेषांचं जाळं उमटलं, डिकी खरखरीत झाली. आता विचारणा अशी: बॉडी वाचेल का? रंगाचा कोड देऊन दुकानातून रंग बनवून घेतला तर मॉडेलवर चालेल का? आणि तोच उरलेला रंग खऱ्या गाडीच्या दारावरच्या ओरखड्याला वापरता येईल का? मॉडेल दसऱ्यापर्यंत हवं आहे.

बॉडी वाचेल. पण तीन जागांचे तीन दोष वेगळे आहेत, त्यांची कारणंही वेगळी आहेत आणि सगळ्यांवर एकच इलाज करायला गेलात तर वेळ जाईल.

दुधाळपणा हा हवेतल्या पाण्याचा. लॅकर म्हणजे थिनर उडून सुकणारा रंग. त्यातलं थिनर झपाट्याने उडतं तेव्हा पृष्ठभाग थंड होतो. कॅनमधला गॅस त्यात आणखी भर घालतो. नाशिकला जुलैत २६ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता ही रोजची गोष्ट. अशा हवेत दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते तापमान, साधारण २३ अंशांवर असतो. म्हणजे रंगाचा ओला थर तीन अंशांनी थंड झाला की त्यावर पाणी धरलंच. ते पाणी रंगात अडकतं आणि वरून पांढरट दिसतं. हेच काम जानेवारीच्या दुपारी, २५ अंश आणि ३५ टक्के आर्द्रतेत केलं तर दवबिंदू नऊ अंशांच्याही खाली असतो, त्यामुळे हा दोष येतच नाही. कॅन तोच, हात तोच, फरक फक्त महिन्याचा.

यातली एक फसवी गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पावसाळ्यात बॉडी एसीच्या खोलीत ठेवायची आणि रंग मारायला तडक गॅलरीत न्यायची, हे सगळ्यात वाईट. २२ अंशांवर थंड झालेली बॉडी बाहेरच्या हवेत आली की रंग मारायच्या आधीच तिला अदृश्य ओल धरते. अर्धा तास बाहेर राहू द्या, मगच पुढचं काम.

छतावरचं जाळं हा दुसरा आणि जास्त गंभीर दोष. ते रंगात नाही, प्लास्टिकमध्ये आहे. किटची बॉडी पॉलिस्टायरीनची असते. गाडीच्या कॅनमधलं थिनर लोखंडावरच्या जुन्या रंगाला धरून राहावं म्हणून जहाल ठेवलेलं असतं. ते पॉलिस्टायरीन विरघळवतं. जिथे थर जाड बसला आणि थिनर जास्त वेळ ओलं राहिलं तिथे प्लास्टिक फुगलं, सुकताना आकसलं आणि तडकलं. छत सपाट असतं, रंग तिथे साचतो, म्हणून बहुतेक वेळा आधी छतच जातं. ओळखायची खूण सोपी आहे: बॉडी दिव्याकडे तिरपी धरून नखाचं टोक हलकेच फिरवा. दुधाळपणा नखाला लागत नाही, जाळं लागतं.

डिकीचा खरखरीतपणा म्हणजे रंग हवेतच अर्धवट सुकून कणाकणाने खाली बसला. कॅन ३०–४० सेंटिमीटर लांब धरला होता किंवा पंखा चालू होता, यापैकी एक नक्की. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे कोरड्या ३८–४० अंशांत जवळून मारतानाही हे होतं.

नुसता दुधाळपणा असता तर कोरड्या दुपारी मंद उडणाऱ्या थिनरचा, म्हणजे लेव्हलिंग थिनरचा, अगदी हलका फवारा देऊन तो निघून जातो: थर पुन्हा किंचित ओला होतो आणि अडकलेलं पाणी बाहेर पडतं. पण मेटॅलिकमध्ये असं केलं की चकाकीचे कण सरकतात आणि डाग पडतात. शिवाय छत तडकलेलंच आहे. त्यामुळे तुमच्या बाबतीत सगळा रंग उतरवणं हाच मार्ग.

रंग उतरवायला एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर मुळीच नको. रंगाबरोबर दाराच्या रेषाही जातील. आधी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरून बघा. झाकणाच्या डब्यात बॉडी बुडवून पाच-सहा तास ठेवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. त्याने नुसता मऊ पडून चिकट होत असेल तर ब्रेक फ्लुइड. डॉट ३ किंवा डॉट ४, ग्लायकॉलवालं; सिलिकॉनचं डॉट ५ या कामाला निरुपयोगी. रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी हातमोजे घालून घासा आणि भांड्यांच्या साबणाने दोन-तीनदा धुवा, कारण त्याचा तेलकटपणा राहिला तर नवा रंग धरणार नाही. यासाठी नवीन बाटली आणू नका. सर्व्हिसिंगमध्ये तुमच्याच गाडीतून काढलेलं जुनं फ्लुइड मेकॅनिककडून मागून घ्या, ते या कामाला पुरतं. वापरून झालं की मोरीत न ओतता बाटलीत बंद करून ठेवा. खऱ्या गाडीच्या बॉनेटवर याचा थेंब पडला तर तिथेही हेच होईल, म्हणून लगेच भरपूर पाण्याने धुवा.

विषय निघालाच आहे तर: ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषून घेतं. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, ओल खाल्लेल्याचा किमान १५५ अंश धरलेला आहे. कसारा घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय असेल तर जुनं फ्लुइड उकळून वाफ धरतं आणि पेडल मऊ पडतं. बहुतेक गाड्यांना दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. मागच्या पावसाळ्यात उघडलेली अर्धी बाटली यंदा गाडीत ओतू नये. तिचा उपयोग मॉडेलचा रंग काढण्यापुरताच.

रंग निघाल्यावर छतावरच्या रेषा दिसतील. ६०० नंबरच्या वॉटर पेपरने, पाण्यात, एकाच दिशेने घासत त्या जाईपर्यंत चला, मग ८०० आणि १०००. वरवरच्या असतील तर एवढ्यावर भागतं. खोल गेल्या असतील तर लांबीचा (पुट्टीचा) पातळ हात द्या, पूर्ण सुकू द्या, मग घासा. रेषा गेल्या की नाहीत हे डोळ्यांना कळत नाही, राखाडी प्रायमरचा हात दिल्यावर कळतं. एखादी परत दिसली तर तिथेच थांबून पुन्हा घासा. रंगाखाली ती लपत नाही, मेटॅलिकखाली तर आणखी उठून दिसते.

प्रायमरआधी दारं, बॉनेट आणि डिकीच्या खाचा सुईसारख्या हत्याराने थोड्या खोल करून घ्या. खऱ्या गाडीत दोन पत्र्यांमधली फट साधारण चार मिलिमीटर असते, १/२४ मध्ये ती ०.१७ मिलिमीटर होते. किटमध्ये बहुधा त्याहून रुंद, पण उथळ खाच असते आणि प्रायमर, रंग, क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) असे थर चढले की ती भरून जाते. मग दार उघडणारं न वाटता नुसतं कोरलेलं वाटतं.

आता गॅरेजच्या रंगाबद्दल. उत्तर हो असं आहे, अटींसह.

खऱ्या गाडीवरचा कारखान्यातला सगळा थर मिळून १००–१३० मायक्रॉन असतो. तेवढाच थर मॉडेलवर दिला तर मापाच्या हिशोबाने तो खऱ्या गाडीवर जवळजवळ तीन मिलिमीटर जाड झाला! म्हणून गॅरेजमध्ये स्प्रेगनने मारतात तसा भरगच्च ओला हात इथे चालत नाही. दुसरी अडचण मेटॅलिकची. गाडीच्या रंगातला ॲल्युमिनियमचा कण २० मायक्रॉनचा धरला तर १/२४ मध्ये तो अर्ध्या मिलिमीटरच्या टिकलीएवढा भासतो. तुमचा चंदेरी रंग कोडप्रमाणे तंतोतंत जुळेल, आणि तरीही मॉडेल खेळण्यातलं दिसेल. पांढरा, लाल, काळा असा साधा रंग असता तर मी दुकानातून बेधडक बनवून घ्या म्हटलं असतं. चंदेरीसाठी मात्र मॉडेलचाच बारीक कणांचा रंग घ्यावा, असं माझं मत. तामिया या जपानी कंपनीच्या टीएस मालिकेचे कॅन पॉलिस्टायरीनसाठीच आहेत, आणि एअरब्रश असेल तर तामिया एलपी किंवा मिस्टर कलरचं लॅकर. पीएस मालिका चुकून उचलू नका, ती रिमोटच्या गाड्यांच्या पॉलिकार्बोनेट बॉडीसाठी असते.

तरीही दुकानातलाच रंग हवा असेल तर फक्त बेसकोट (क्लिअरखालचा नुसता रंगाचा थर) घ्या, हार्डनर लागणारा पीयू (पॉलियुरेथेन) रंग नको. सांगताना ‘ड्युको द्या’ म्हणू नका, नाहीतर एनसी रंग हातात पडेल. खाली मॉडेलच्या प्रायमरचे दोन पातळ हात पूर्ण सुकलेले हवेत. प्लास्टिक आणि जहाल थिनर यांच्यातलं ते कुंपण आहे. ०.३ मिलिमीटर नोझलचा एअरब्रश, १५ ते २० पीएसआय दाब. रंग दुधाइतका पातळ, आणि एकाच थरात पृष्ठभाग झाकायचा नाही: चार-पाच धुरकट हात, प्रत्येकानंतर दहा मिनिटं. आधी चाचणी घ्या, पण बॉडीवर नाही. पूर्वी त्यासाठी पांढरे प्लास्टिकचे चमचे वापरायचे, त्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. किटचे भाग ज्या सांगाड्याला जोडलेले असतात तो सांगाडा त्याच प्लास्टिकचा असतो आणि फुकट असतो. त्याच्या तुकड्यावर प्रायमर आणि रंग मारून दुसऱ्या दिवशी बघा. तडकला नाही तर पुढे जा.

वर टू-के क्लिअर (हार्डनर मिसळून लावायचं, दोन भागांचं) मारायचा मोह होईल, कारण त्याची चमक खरंच वेगळी असते. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते श्वासातून गेलं तर दम्यासारखा कायमचा त्रास जडू शकतो. कापडी मास्क सोडाच, एन-९५ सुद्धा वाफ अडवत नाही. फ्लॅटच्या गॅलरीत, शेजारी कपडे वाळत असताना ते मारूच नये. एवढ्याशा बॉडीला लॅकर क्लिअर पुरेसं आहे. लॅकर मारतानाही सेंद्रिय वाफ अडवणारी कार्ट्रिज असलेला मास्क हवाच, आणि जवळपास देवघरातला दिवा किंवा गॅसची शेगडी पेटलेली नको.

मेटॅलिक मारताना एक गोष्ट हमखास चुकते. बंपर, आरसे, दाराच्या कड्या सुटे करून टेबलावर आडवे ठेवून रंगवले जातात. मेटॅलिकचे कण फवाऱ्याच्या कोनाप्रमाणे बसतात, त्यामुळे आडवा रंगवलेला बंपर उभा लावला की बॉडीपेक्षा गडद किंवा फिका दिसतो. सुटे भाग गाडीवर ज्या स्थितीत बसणार त्याच स्थितीत काडीवर किंवा टेपवर उभे करून, बॉडीबरोबर, एकाच फेरीत रंगवा. खऱ्या गाडीचा बंपर अपघातानंतर वेगळा रंगवून आणला की शेजारच्या फेंडरशी जुळत नाही, त्यामागचं एक कारण हेच.

कॅनची पद्धत ठरलेली आहे. कॅन ४० अंशांच्या कोमट पाण्यात पाच मिनिटं, त्याहून गरम नाही आणि आचेवर तर कधीच नाही. दोन मिनिटं हलवा. अंतर १५–२० सेंटिमीटर. फवारा बॉडीच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा. बॉडीवर बोट दाबलं किंवा सोडलं तर तिथे थेंब पडतो आणि ओघळ येतो. पहिले दोन हात नुसते धुरकट, तिसरा झाकणारा, चौथा किंचित ओला. मेटॅलिकवर पॉलिश पेपर लावायचा नाही. कचरा बसला असेल तर तेवढी जागा २००० ने अगदी हलकी घासून त्यावर पुन्हा रंगाचा धुरकट हात द्या, मगच क्लिअर.

डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रं) असतील तर ते क्लिअरच्या आधी, पण चकचकीत पृष्ठभागावरच. खरखरीत जागेवर डेकलखाली हवा राहते आणि ती चांदीसारखी चमकते. बोअरचं पाणी वापरलंत तर वाळल्यावर पांढरे डाग राहतात. पेट्रोल पंपावर मिळणारं बॅटरीचं पाणी यासाठी उत्तम. फक्त ते पाणीच असल्याची खात्री करा, बॅटरीचं ॲसिड वेगळं. डेकल पूर्ण दिवसभर सुकू द्या. नंतर क्लिअरचे पहिले दोन-तीन हात धुरकटच, कारण टीएस-१३ सारखं क्लिअर एकदम ओलं मारलं तर डेकल सुरकुततं.

क्लिअरनंतर पावसाळ्यात किमान आठवडा थांबा, दहा दिवस थांबलात तर आणखी चांगलं. नख टेकवून ठसा उमटत नाही आणि नाकाला थिनरचा वास येत नाही, मगच पॉलिश. २००० आणि ३००० पाण्यात, मग बारीक कंपाउंड. गाडीसाठीचं रबिंग कंपाउंड इथे फार जहाल पडतं. कडा आणि उंचवटे यांवर मास्किंग टेपची पट्टी लावून ठेवा. रंग सगळ्यात आधी तिथलाच निघतो.

काचांना फेविक्विक लावू नका. त्याची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी धरते आणि ती पुसून जात नाही. साधा पांढरा फेविकॉल टाचणीच्या टोकाने लावा, सुकला की दिसत नाही. खाचा उठून दिसाव्यात म्हणून त्यांत पॅनेललाइनचा पातळ रंग सोडताना चंदेरीला काळ्याऐवजी गडद राखाडी घ्या. मऊ टायर बॉडीला किंवा काचांना टेकून डब्यात ठेवू नका. त्यातलं तेल प्लास्टिक खातं आणि टायरचा ठसा कायमचा राहतो.

दाराचा ओरखडा. इथे दुकानात कोडप्रमाणे बनवलेला रंग हवाच, मॉडेलचा लॅकर रंग खऱ्या गाडीवर टिकणार नाही. कोड गाडीवरच्या पट्टीवर असतो, दाराच्या खांबाजवळ किंवा बॉनेटखाली. कुठे ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. आधी नख फिरवा. अडकत नसेल तर ओरखडा फक्त क्लिअरमध्ये आहे, पॉलिशने जाईल. पण वरचं क्लिअर साधारण ४०–५० मायक्रॉनचं असतं, दर दिवाळीला बफिंग करून घेण्याइतकं ते जाड नाही. नख अडकतं आणि आत राखाडी किंवा पत्रा दिसतो, तर शाम्पूने धुऊन, आयसोप्रोपिलने पुसून, पत्र्यावर गंज असेल तर तो खरवडून प्रायमर लावा. मग टूथपिकने रंग ओरखड्याच्या आतच भरा. बाटलीच्या झाकणातला ब्रश फार जाड असतो, त्याने शेजारी रंग पसरतो. पातळ तीन-चार थर, प्रत्येकात अर्धा तास. त्यावर क्लिअर, कडेपेक्षा किंचित वर येईल इतकं. चार-पाच दिवसांनी रबराच्या छोट्या तुकड्याला २५०० चा पेपर गुंडाळून सपाट करा आणि पॉलिश मारा. चंदेरी रंगात ही दुरुस्ती दोन हातांवरून थोडी दिसणारच. ती गंज थांबवायला आहे. पूर्ण अदृश्य हवी असेल तर अख्खं दार रंगवावं लागतं. बंपरचा ओरखडा असेल तर आधी प्लास्टिक प्रायमर, नाहीतर पापुद्रा निघतो.

नंबरप्लेटबद्दल विचारलं नाही, पण स्वतःचीच गाडी करताय म्हणून सांगतो. खरी प्लेट ५०० बाय १२० मिलिमीटर, म्हणजे १/२४ मध्ये २०.८ बाय ५. अक्षरांची उंची ६५ मिलिमीटर, ती येते २.७. एमएच १५ ची प्लेट लेझर प्रिंटरवर छापून पातळ प्लास्टिकच्या पट्टीवर चिकटवा. जपानी किटमधली प्लेटची खोबण आखूड आणि उंच असते, ती आधीच बुजवून घ्या, रंगानंतर जमत नाही.

वेळापत्रक. आत्ता जुलै-ऑगस्टमध्ये रंग उतरवणं, घासणं, खाचा खोल करणं, आतला डॅशबोर्ड, सीट आणि इंजिन हे ब्रशचं काम उरका. तीनशे-चारशे रुपयांचा आर्द्रता मोजणारा मीटर घ्या. श्रावणात उघडीप मिळाली आणि दुपारी १२ ते ४ मध्ये काटा ६५ च्या खाली आला तर प्रायमर मारून टाका. प्रायमर मॅट असल्यामुळे थोडा दुधाळ झाला तरी घासून निघतो. रंग आणि क्लिअर सप्टेंबरच्या शेवटच्या कोरड्या दुपारींसाठी ठेवा. रंगवलेली बॉडी धान्याच्या मोठ्या डब्यात, झाकण किंचित तिरपं ठेवून सुकवा, म्हणजे धूळ बसणार नाही आणि थिनरला वाट राहील. दसरा सप्टेंबरात आला तर पॉलिश दिवाळीवर जाईल, ते जाऊ द्या. आणि पूर्ण झाल्यावर ते गाडीच्या डॅशबोर्डवर चिकटवायचा बेत असेल तर सोडा: मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ६५–७० अंशांपर्यंत तापतो आणि तेवढ्यात छताचे पातळ खांब वाकतात.